विरोध करणाऱ्यानं आधी वाचावं

पुस्तक मी टीपॉयवर इतक्या जोरात आपटलं की बशीतला खमण उडाला आणि चहाचा एक कप खाली पडून फुटला. "हे पुस्तक या मंडळात वाचलं जाणार नाही," मी म्हणालो. पस्तीस वर्षं मराठी शाळेत मास्तरकी केल्यावर माझा आवाज बंद खोलीत जरा जास्तच लागतो.

आमचं वाचनमंडळ सहा जणांचं. महिन्यातून एका रविवारी सकाळी आम्ही सुरतेच्या डिंडोलीतल्या माझ्या फ्लॅटमध्ये जमतो. कथा-कादंबऱ्या ज्यानं त्यानं घरी वाचाव्यात, इथं खरं घडलेलं वाचायचं, असं पहिल्याच दिवशी ठरलं. पुढचं पुस्तक सुचवणाऱ्यानं त्यातलं एक पान मोठ्यानं वाचायचं, मग हात वर करून मत. एकाचा जरी विरोध असला तरी ते पुस्तक बाजूला. मात्र विरोध करणाऱ्यानं आधी ते घरी नेऊन पूर्ण वाचावं, हा नियम माझाच. बँकेतून निवृत्त झालेल्या एका बाईंनी माझं आवडतं पुस्तक नाव ऐकूनच उडवून लावलं होतं, तेव्हा चिडून केलेला.

या वेळी पुस्तक सुचवणारा माझा जुना विद्यार्थी होता. आता पन्नाशीला आलेला, पांडेसऱ्याच्या एका डाईंग मिलमध्ये सुपरवायझर. त्याआधी कापड विणायच्या लूमवर होता. त्याला डाव्या कानानं ऐकू येत नाही. लूमच्या खडखडाटात कान जातातच, सुरतेत त्याचं नवल कुणाला वाटत नाही. "कान मालकाकडेच ठेवून आलास का रे?" अशी थट्टा मीच करायचो आणि तो हसायचा. मोठ्यानं मात्र तो कधीच वाचत नसे. त्या दिवशीही त्यानं आपलं पुस्तक बँकेतल्या बाईंकडे सरकवलं आणि पान त्यांनीच वाचलं. शाळेत मार खाल्लेल्या माणसांनी मोठेपणी सांगितलेल्या हकिगती होत्या त्यात.

मी मारकुटा मास्तर होतो, हे लपवण्यात अर्थ नाही. पट्टी आडवी नव्हे, कडेनं, बोटांच्या पेरांवर. डस्टर फेकून मारायचो आणि नेम चुकत नसे. खानदेशातून आलेल्या कामगारांची पोरं, घरी अहिराणी, गल्लीत गुजराती. त्यांच्या तोंडात शुद्ध मराठी बसवायचा दुसरा मार्ग मला ठाऊक नव्हता. बाप यायचे ते तक्रार करायला नाही, "अजून दोन द्या" म्हणायला. त्याच मारानं पोरं नोकरीला लागली, असं मी मानत होतो. निरोपसमारंभात लोकांनी तसं बोलूनही दाखवलं होतं. म्हणून तो कप फुटला.

"सर, नियम," बँकेतल्या बाई काचा गोळा करत म्हणाल्या. "आधी वाचा."

वाचलं. तीन दिवस त्या पुस्तकाशी भांडत वाचलं. दोनदा भिंतीवर भिरकावलं. "मारायला पोरं उरली नाहीत म्हणून पुस्तकाला मारता का?" बायको म्हणाली. चौथ्या दिवशी एक हकिगत आली. मास्तरांची चपराक कानावर बसली, आत काहीतरी फाटलं, आणि सकाळी उशी रक्तानं गालाला चिकटलेली होती. शेजारी समासात पेन्सिलीनं लिहिलं होतं, "सातवी ब. धडा वाचताना. डावा कान." अक्षर ओळखायला वेळ लागला नाही. ते मीच वळवलेलं होतं.

मला आधी त्याचाच राग आला. इतकी वर्षं गप्प बसून माझ्या घरचा चहा प्याला म्हणून. मग सगळं आठवलं. धडा वाचताना तो "माझा" ऐवजी "मना" म्हणाला, वर्ग हसला आणि मी उठलो. तो बाकाच्या कडेवर आपटला. उठून उभा राहिला तेव्हा मी म्हणालो, "पुढं वाच." त्यानं वाचलं. कानातून निघालेला रक्ताचा ओघळ कॉलरमध्ये उतरताना मी पाहिला आणि पुढच्या पोराला उभं केलं.

लूम कान खातो तेव्हा दोन्ही खातो. उजव्या हाताच्या माणसाची चपराक डाव्या कानावर बसते. एवढी साधी गोष्ट मला कधी सुचली नव्हती. मला माझी किळस आली.

पुढच्या बैठकीला मी माझी खुर्ची सोडून सोफ्यावर त्याच्या डाव्या हाताला बसलो.

"सर, उजवीकडे बसा ना. त्या कानले ऐकू येत नही," तो म्हणाला.

"माहीत आहे. मीच फोडलाय तो." मी हे मुद्दाम सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो.

तो टीपॉयकडे बघत म्हणाला, "तुम्ही विरोध करशात, मंग तुमले वाचनं पडी, हाई माले माहीत व्हतं, सर. तेवढंच पाहिजे व्हतं."

"माझा विरोध नाही," मी म्हणालो. "पण आज पान यानं वाचावं."

त्यानं वाचलं. अडखळत, आपल्या अहिराणी सुरात, तेच पान. कुणी हसलं नाही. माझी नजर त्याच्या कॉलरवर होती.

"मत," बँकेतल्या बाई म्हणाल्या.

मी हात वर केला. सगळ्यांच्या आधी, झटक्यात, वर्गात उचलायचो तसा. त्यासरशी तो वाकला. मान खांद्यात गेली, कोपर डाव्या कानावर आलं, डोळे गच्च मिटले आणि पुस्तक मांडीवरून खाली पडलं.

एकेक करत बाकीचे हात वर आले. पुस्तक ठरलं. माझा हात मात्र तसाच वर राहिला. तो आता खाली कसा आणायचा, ते मला कळेना.