सिंहाची आयाळ आणि माझं कॉन्ट्रॅक्ट

"सिंहाला केस नाहीत. तुझं मांस खलास," असं अबू फहदने फोनवर सांगितलं, तेव्हा मी सौदीतल्या ताइफच्या माझ्या कोल्ड स्टोरेजमध्ये गाडी भरत होतो. माल उशिरा गेला नव्हता, वजनात कमी नव्हता, वासही नव्हता. तक्रार आयाळीची होती.

अबू फहद इथल्या एका खासगी झूचा मुदीर, म्हणजे मॅनेजर. तिथे मांस पुरवतो मी. रत्नागिरीहून आलो तेव्हा दुसऱ्याच्या दुकानात हाडं तोडली. हे माझं पहिलं मोठं कॉन्ट्रॅक्ट, त्याच्याच भरवशावर गाडी घेतलेली. मी तसाच रागाने झूवर गेलो.

गेटवरच्या बोर्डावर काळसर, भरघोस आयाळीचा सिंह. आतला सिंह सावलीत पोट वर करून झोपलेला, मानेभोवती विरळ केस, कॉलेजच्या पहिल्या वर्षातल्या दाढीसारखे. अबू फहद म्हणाला, लोक विचारतात हा आजारी आहे का. दिवसभर झोपतो. आणि दुसऱ्याला तर एकही केस नाही.

"ती सिंहीण आहे," मी म्हणालो.

"तीही तुझंच मांस खाते."

माझा आवाज चढला. तेवढ्यात झूचे डॉक्टर आले, नाशिकचे गायधनी. मला मराठीत म्हणाले, "पारकरभाई, हळू. एवढा आवाज आमच्या सिंहाने अजून काढलेला नाही."

मग त्यांनी आम्हा दोघांना नीट समजावलं. सिंह दिवसाचा बहुतेक वेळ झोपतोच, डरकाळ्या फोडायच्या त्या संध्याकाळी नाहीतर पहाटे. आयाळ वयाबरोबर दाट आणि गडद होत जाते. गरम हवेत ती विरळ राहते, कारण उन्हाळ्यात गळ्यात गोधडी कोणाला हवी? हा सिंह वयाने लहान, शिवाय समुद्रकाठच्या जुबैलच्या उकाड्यात वाढून नुकताच इथे आलेला. ताइफ उंचावर आहे, हवा गार. एक हिवाळा जाऊ द्या.

अबू फहदला पटलं नाही. केस वाढवणारं मांस देतो म्हणणारा दुसरा सप्लायर त्याने आधीच गाठला होता. मी म्हणालो, उन्हाळ्यापर्यंत थांब. तो म्हणाला, महिनाभर. गहवा, म्हणजे अरबी कॉफी आली, खजूर आले, दोघांचेही आवाज पुन्हा चढले. शेवटी मार्च-एप्रिलच्या गुलाबाच्या मोसमावर ठरलं, कारण तेव्हा ताइफला पर्यटकांची गर्दी होते आणि त्याला सिंह तेव्हाच दाखवायचा होता.

"तोवर आयाळ आली नाही," मी म्हणालो, "तर त्या दुसऱ्याचा माल मी स्वतः उतरवून देईन."

गुलाब फुलले तोवर केस खांद्यापर्यंत आले होते, मधूनमधून काळेही. अबू फहद प्रत्येक पाहुण्याला सांगत होता, ही आमच्या ताइफच्या हवेची कमाल. हिवाळाभर मांस मी वाहिलं, नाव हवेचं झालं. केस नव्हते तेव्हा मात्र हवेला कोणी फोन केला नव्हता. हे मला अजून बोचतं.

कॉन्ट्रॅक्ट रिन्यू झालं. सही करण्याआधी मी त्यात एक कलम घालून घेतलं: सप्लायर फक्त मांस पुरवेल; केस, झोप आणि डरकाळी यांना तो जबाबदार नाही. आपण काय विकतो ते सगळेच लिहितात. काय विकत नाही, तेही लिहून ठेवावं.