अंगठी कुणाकडे

शारजात, अल मजाजला, आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एक आयरिश शिक्षिका आणि तिचा नवरा राहतात. शनिवारी दुपारी बाहेर अंग भाजून निघत असताना ही बाई एसी सोळावर ठेवते, टीव्हीवर जळत्या लाकडांचा व्हिडिओ लावते आणि त्यासमोर मला, माझ्या नवऱ्याला आणि लेकीला गोल बसवते. तिच्या गावी थंडीत मुलं शेकोटीपाशी जे ओळखण्याचे खेळ खेळायची, ते खेळायला. मला आधी हा शुद्ध वेडेपणा वाटला होता.

खेळ सोपा. सगळ्यांनी हात जोडून बसायचं. एकजण जोडलेल्या तळव्यांत अंगठी धरून प्रत्येकाच्या तळव्यांमधून हात फिरवतो आणि गुपचूप कुणाकडे तरी ती सोडतो. ज्याच्यावर राज्य, त्याने अंगठी कुणाकडे ते ओळखायचं. हातांवरून काही कळत नाही, तोंडं बघावी लागतात. माझी नऊ वर्षांची लेक यात पटाईत. अंगठी माझ्याकडे आली की एका नजरेत सांगायची. माझ्या पोटात काही राहत नाही, असं माझी आई म्हणतेच.

आणि तीच मी दोन महिने एक गोष्ट लपवत होते. माझ्या नवऱ्याची नोकरी गेली होती. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमध्ये दुसरी मिळाली, पण त्या पगारात फॅमिली व्हिसा बसत नव्हता. म्हणजे तो इथे बेड स्पेस, म्हणजे चारचौघांच्या खोलीत एक खाट भाड्याने घेऊन राहणार आणि आम्ही दोघी साताऱ्याला. परीक्षा संपेपर्यंत लेकीला सांगायचं नाही, हे मीच ठरवलं. नवरा सांगून टाकू म्हणत होता. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मी त्याला वर ऐकवलं.

त्याच दिवसांत लेक डावामागून डाव हरायला लागली. अंगठी माझ्याकडे असायची आणि ती भलत्याकडेच बोट दाखवायची. मला वाटलं, अभ्यासाचा ताण असेल. एकदा स्वयंपाकघरात चहा ओतताना शेजारीण म्हणाली, की ती सगळ्यांची तोंडं बघते, फक्त तुझं सोडून. मला रागच आला. आमच्यात नाक खुपसणारी ही कोण?

पुढच्या डावाला मात्र मी लक्ष ठेवलं. अंगठी माझ्याकडेच होती. लेकीने एकेकाला न्याहाळलं, माझ्यापाशी आल्यावर नजर गालिच्याकडे वळवली आणि बापाकडे बोट दाखवलं. घरी येताच मी तिला दरडावूनच विचारलं, हा काय प्रकार आहे म्हणून. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

ती चपला काढत होती. म्हणाली, "तू किचनमध्ये रडतेस, आय नो. तुझ्याकडे बघितलं तर का रडतेस ते पण कळेल. सो आय डोन्ट लुक."

मला माझीच लाज वाटली. तिथेच दाराशी बसून मी तिला सगळं सांगितलं, साताऱ्याचं आणि बाबांचंही. सांगून झालं तरी ती वर बघेना. शेवटी तिची हनुवटी मला हाताने वर करावी लागली.