बर्फाच्या लादीवरची मॅट

दिनूदादाला बर्फाच्या लादीवर ठेवलं आणि मी त्याच्यासाठी घरून मॅट आणायला धावले.

आज त्याला वर्ष झालं.

हे मी कुठे बोलले नव्हते. आज बोलतेय, कारण परवा मी निघतेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. दिनूदादा म्हणजे लालबागच्या आमच्या चाळीतला, शेजारच्या खोलीतला. कामाने लिफ्ट मेकॅनिक, सुट्टी मिळाली की डोंगरात. चाळीतल्या आम्हा सगळ्या पोरांना पहिला गड त्यानेच दाखवला.

गेल्या वर्षी, चाळिशी उलटल्यावर, मला शहाणपण सुचलं. त्याला न विचारता उत्तराखंडात बर्फातल्या ट्रेकला एकटीने नाव दिलं. मॅट पण स्वतःच घेतली. दुकानात आडवी होऊन बघितली. हवा भरायची, जाडजूड, घरच्या गादीहून मऊ. म्हटलं, हीच.

त्या गादीने माझी पार वाट लावली.

तंबू बर्फावर. अंगावर दोन स्लीपिंग बॅगा, तरी दात वाजतायत. सकाळी मला धड उभं राहता येईना. लीडरने खाली पाठवलं. बाकीचे सगळे वर गेले.

घरी येऊन रडले. दुःखाने नाही, रागाने. त्यात चाळीत जो तो विचारतोय, काय गं, एवढ्यात आलीस पण?

दादा हसला नाही. मॅट हातात घेऊन दाबून बघितली.

"वरून कितीही पांघर, थंडी खालून येते. ह्यात नुसती हवा आहे. ती एकदा गार पडली की संपलं. मऊ आणि ऊबदार ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, बाय."

मग म्हणाला, पुन्हा जायचं, मी पण येतो. मी म्हटलं, मला नाही जमणार. त्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

आता प्रॉब्लेम असा, की मॅट पारखायला मे महिन्यात लालबागला थंडी आणायची कुठून?

दादाने मार्केटमधल्या मासेवाल्यांना बर्फ देणाऱ्या माणसाला गाठलं. रविवारी दुपारी चाळीच्या चौकात तीन लाद्या ओळीत मांडल्या, वर ताडपत्री. मित्रांकडून तीन मॅट मागून आणल्या होत्या, चौथी माझी. मला म्हणाला, झोप. प्रत्येकीवर वीस मिनिटं.

सगळी चाळ गॅलरीत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दादाची आई, आमची काकी, वरून मालवणीत कडाडली. "मेल्या, बर्फार मेलेल्या माणसाक ठेवतत. जित्या चेडवाक कित्याक निजवतस?"

दादा घड्याळात बघत राहिला.

योगा मॅटवरून मी पाच मिनिटांत उठले. माझ्या त्या मऊ गादीवर दहा मिनिटांत पाठ बधिर. तिसरी ऊबदार होती, पण मी कुशीवर झोपते, कमरेचं हाड टोचायला लागलं. चौथी हवेचीच, पण आत अस्तर असलेली. बरी होती, तरी शेवटी शेवटी गारवा जाणवलाच.

मग दादा घरात गेला आणि स्वतःची मॅट घेऊन आला. फोमची, घडी घालायची, कडा झिजलेल्या. ती खाली टाकली, अस्तरवाली तिच्यावर.

मला झोप लागली.

भर मे महिन्यात, बर्फावर, अख्ख्या चाळीसमोर मी घोरत होते. त्याने उठवलं नाही. लाद्या निम्म्या वितळल्यावर जाग आली, तर म्हणाला, "ही जोडी फायनल."

दुसऱ्या दिवशी तसलीच अस्तरवाली विकत घेतली. त्याची फोमची माझ्याकडेच ठेवून गेला. म्हणाला, जायच्या आधी एकत्र पॅक करू.

तीन आठवड्यांनी सकाळचा चहा पिऊन उठला आणि तिथेच कोसळला. दवाखान्यात नेईपर्यंत काही उरलं नव्हतं.

त्याचा धाकटा भाऊ मस्कतहून दुसऱ्या दिवशी पोचणार होता. मंडळाची वातानुकूलित शवपेटी दुसरीकडे गेलेली. म्हणून बर्फ मागवला. तोच बर्फवाला, तोच चौक, तीन लाद्या. मला बघून त्या माणसाने मान खाली घातली.

मला काय झालं मला माहीत नाही. मी घरी गेले, फोमची मॅट काढली, खाली आले आणि पुरुषांना म्हटलं, त्याला उचला, हे खाली घाला.

काकी उठली. माझ्या हातातून मॅट घेतली, नीट घडी केली आणि परत माझ्या काखेत दिली.

"तेका आता थंडी लागूची नाय गो. तुका लागतली. घेवन जा."

वर्षभर ती मॅट माळ्यावर होती. हात लावायची हिंमत नव्हती. ह्या महिन्यात लावला, त्याच ट्रेकचे पैसे भरले, रजा टाकली.

आणि गेल्या रविवारी तीन लाद्या मागवल्या.

काकी शिव्या घालणार अशी तयारी ठेवली होती. ती जिना उतरून आली, स्टूल घेऊन माझ्या उशाशी बसली. हातात दादाचं घड्याळ.

कोणी हसलं नाही. मी डोळे मिटून पडून राहिले. पाठीला काही म्हणजे काही लागलं नाही, डोळ्यांतून मात्र पाणी येत होतं. ते तिला दिसलं असणार.

"वीस झाली," काकी म्हणाली. "ऊठ. आणि आता अर्ध्या वाटेरसून परत येव नको."

नाही येणार.

दादा, तुझी मॅट खाली, माझी वर. आपण दोघं जाणार होतो, तसंच जातोय.

तुला मनापासून नमस्कार. परवा सकाळी निघते.