सात आणि त्याखाली दोन रेघा

चहा यायला वेळ आहे ना? मग तोवर माझी एक फजिती ऐकून घ्या. फक्त ती मी सांगतो तशीच घडली, याची हमी मागू नका. साल सत्तावन्न की अठ्ठावन्न, इथपासूनच मला शंका आहे. बायको म्हणते, त्या संध्याकाळी माझ्या अंगात निळा कोट होता. माझ्याकडे निळा कोट कधीच नव्हता. बहुतेक नव्हता.

एवढं मात्र पक्कं, की तेव्हा मी दोन विषयांत एम. ए. होतो, कॉलेजात तर्कशास्त्र शिकवत होतो, आणि भर वर्गात एका विद्यार्थ्याला डस्टर फेकून मारला होता.

लागला नाही हो त्याला! माझा तर्क चोख, नेम नाही. डस्टर दारावर आपटला आणि नेमके दारात प्राचार्य उभे. त्यांचा काळा कोट क्षणात पांढरा झाला.

कोट झटकत ते म्हणाले, "तुमच्या विद्वत्तेबद्दल प्रश्नच नाही. पण स्वतःला आवरा. टर्म संपायच्या आत मी एकदा तुमच्या वर्गात मागच्या बाकावर येऊन बसेन. त्या दिवशी असं काही झालं, तर पुढच्या टर्मला आपली भेट नाही."

घरीही तेच. चहा गार असला की मी ओरडायचो, आणि मग तासभर माफी मागायचो. शेवटी सुमती, म्हणजे माझी बायको, एक दिवस म्हणाली, "अहो, एक वेळ रागवा, पण ती माफी आवरा! ऐकून ऐकून माझं डोकं दुखतं."

तिच्याच भावाने गिरगावातल्या एका डॉक्टरांचा पत्ता आणला. मनाचे डॉक्टर. आता तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? अहो, त्या काळी मनाचा डॉक्टर म्हणजे वेड्यांचा डॉक्टर! आणि आम्ही राहायचो लालबागच्या चाळीत, वडिलांच्या वेळच्या खोलीत. तिथे कुणाच्या डाळीला हिंग कमी पडला तरी खालच्या मजल्याला कळायचं. मी गिरगावात कुठे जातो हे कळलं असतं तर कॉलेजपर्यंत पोचायला एक दुपार पुरली असती. आणि वेडा मास्तर कोण ठेवून घेणार?

डॉक्टर म्हातारे होते, सावकाश बोलायचे. "राग कधी येतो?"

"कधीही."

"आणि रागाच्या आधी काय येतं?"

"भीती," मी म्हटलं. "मला सगळ्याचीच वाटते. विद्यार्थी हसतील, प्रश्न विचारतील, मला उत्तर येणार नाही."

"हं. दोघे भाऊ आहेत ते. धाकटा दंगा करतो, थोरला मागे उभा असतो. तुम्ही धाकट्यालाच झोडपताय." मग म्हणाले, "मास्तर ना तुम्ही? पेपर तपासता ना? मग या भीतीलाही मार्क द्या. शून्य ते दहा. रोज सकाळी, आणि मधे कधी जीव घाबरला की तेव्हा. मार्क द्यायला डोकं लागतं. डोकं कामाला लागलं की तोंड जरा थांबतं. आणि कमी पडले की वाढले, ते तुमचं तुम्हाला दिसतं."

मग पाटी घ्या, दाराला लावा, रोज बघा, असं काहीसं बोलले. काहीसं म्हणतो, कारण माझा एक कान बाहेरच्या बाकड्याकडे होता. ओळखीचं कुणी येऊन बसलं तर? निघताना त्यांनी एक चिठ्ठी घडी घालून हातात दिली. "सगळं यात लिहिलंय."

ती उघडायची माझी हिंमत झाली नाही. तिच्यात माझ्या वेडाचं नाव असणार! घरी येऊन ती जाड संस्कृत कोशात दडपली आणि कोश वरच्या फळीवर ठेवला.

दुसऱ्या दिवशी पाटी आणली आणि दाराला लावली. तोरणाचा खिळा होताच. दाराच्या बाहेरच्या बाजूला.

हसू नका. येता-जाता नजरेस पडायला हवी ना? शिवाय नुसता आकडा. त्यावरून कुणाला काय कळणार? हा माझा तर्क. तर्कशास्त्राच्या प्राध्यापकाचा!

आता दिवस कसले होते ते आठवा. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ ऐन भरात. आमच्या शेजारच्या खोलीत परब राहायचे, गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम, आणि चाळीतले चळवळीचे पुढारी. आवाज असा, की घोषणा द्यायला लागले की आमची भांडी वाजायची. या परबांनी काय बघितलं? दर गुरुवारी मी छत्री घेऊन, कुणाशी न बोलता निघतो. ट्राम गिरगावच्या थांब्यावर थांबते, पण मी एक थांबा आधीच उतरतो. मागे वळून बघतो. मगच गिरगावातल्या एका बोळात शिरतो. त्यांचा मेहुणा त्या बाजूला राहायचा, त्याने सगळं पाहून ठेवलेलं. आणि आता माझ्या दारावर रोज एक आकडा!

पहिल्या दिवशी मी चार लिहिले. योगायोग बघा, त्याच दिवशी चार वाजता आमच्या नाक्यावर चळवळीची सभा झाली. झालं! दोनदा एम. ए. माणूस, गिरगावात गुप्त ये-जा, आणि दारावर सभेची वेळ. परबांनी निष्कर्ष काढला: मास्तर चळवळीच्या कमिटीतला गुप्त माणूस. खरं सांगू? माझ्या वर्गातल्या निम्म्या पोरांपेक्षा त्यांचा युक्तिवाद सरस होता.

मला यातलं काही माहीत नाही हं. मला फक्त एवढंच दिसत होतं की लोक बदलले. नळावर मला आधी बादली लावू द्यायचे. जिन्यात पोरं बाजूला व्हायची. गंगूमावशी, या खाली गिरणीवाल्यांची खानावळ चालवायच्या आणि मला आजवर 'चष्मेवाला' म्हणायच्या, त्या एक दिवस वाटीभर सुकटीची चटणी घेऊन वर आल्या. "खा रे बाबा. डोक्याचं काम करतोस."

आणि परब? गॅलरीत भेटले की ओठांवर बोट ठेवायचे. "मास्तरांनू, आमी काय एक बोलाक नाय."

मी सुमतीला म्हटलं, "बघितलंस? उपचार लागू पडतोय. मी शांत झालो तशी माणसंही शांत झाली. मन सुधारलं की जग सुधारतं!"

ती म्हणाली, "इतक्या लवकर?"

आणि खरंच, लागू पडत होताही. एकदा चहा गार आला. मी तोंड उघडलं, मग मिटलं, मनात पाच दिले, आणि पाच हे काही ओरडण्याजोगे मार्क नव्हेत असं ठरवून चहा पिऊन टाकला. सुमती कितीतरी वेळ माझ्याकडे बघत होती.

मग तो दिवस उजाडला. आदल्या दिवशी प्राचार्यांनी जाता जाता सांगितलं होतं, "परवा येतो तुमच्या वर्गात." सकाळी उठल्याबरोबर मी पाटीवर सात लिहिला. कॉलेजला जाऊन आलो, तरी सात तसाच. दुपारी जेवण जाईना. मी दाराबाहेर आलो, खडू घेतला आणि सातच्या खाली एक रेघ ओढली. समाधान झालं नाही. म्हणून आणखी एक.

मग आत जाऊन उद्याची टिपणं काढत बसलो.

साडेसहाला खालून गलका ऐकू यायला लागला. गॅलरीत येऊन बघतो तर चौकात मुंगीला वाट नाही! आमची चाळ, शेजारची चाळ, पलीकडच्या गल्लीतले लोक. बायकांच्या हातात पिशव्या. कुणाच्या काखेत चादर, कुणाकडे तांब्या, भाकरीची फडकी. तुरुंगात जायच्या तयारीने आलेले लोक! तेव्हा मात्र माझ्या मनात आलं, कोण गेलं चाळीत?

परब समोरच उभे. डोक्याला फेटा. गिरणीतली पाळी बुडवून आलेले.

"परब, काय झालं हो? कोण आजारी होतं?"

"मास्तरांनू, आता तरी सांगा."

"काय सांगू?"

"सात वाजता, ता कळला. पण दोन रेघा कसल्या? मोर्चा काय सत्याग्रह?"

"कसल्या रेघा?"

परब कौतुकाने हसले. "वा! शेवटपर्यंत गप. ह्येका म्हणतत शिस्त!"

मी त्यांच्याकडे बघितलं, मग पाटीकडे बघितलं, मग खाली बघितलं. आणि मला कळलं. कसं सांगू तुम्हाला? डस्टर हातातून सुटल्यावर जसं कळतं, तसं.

तेवढ्यात चौकाच्या तोंडाशी शिट्टी वाजली. त्या दिवसांत गर्दी म्हटली की पोलीस मागोमाग यायचेच. हवालदार आणि दोन शिपाई.

"कोणी जमवली ही गर्दी? बोला लवकर!"

आणि ऐका, त्या दोनेकशे माणसांपैकी एकाचीही मान वर, माझ्या गॅलरीकडे वळली नाही. सगळे जमिनीकडे बघत होते. मला वाचवायला! ज्याने त्यांना काहीच सांगितलं नव्हतं, त्याला.

परब धाडधाड जिना उतरून पुढे झाले, दोन्ही हात पुढे केले. "मिया जमवलंय. माकाच घेवन चला."

त्यांच्या खोलीच्या दारात त्यांची बायको उभी होती, कडेवर मूल. नुसती दाराची चौकट धरून उभी राहिली.

आता काय करणार? गप्प राहिलो तर परब आत. बोललो तर माझी अब्रू आणि नोकरी दोन्ही बाहेर. आणि त्या अवस्थेत, का कोण जाणे, मी मार्क दिले. नऊ. साडेनऊ नव्हे, नऊच. म्हणजे अजून एक शिल्लक होता!

त्या एका मार्काच्या जोरावर मी पाटी खिळ्यावरून काढली, छातीशी धरली आणि खाली उतरलो.

"हवालदारसाहेब, यांना सोडा. लोक माझ्यामुळे जमले. हा सात आहे ना, तो माझ्या भीतीचा आकडा आहे."

"कसला?"

"भीतीचा. मी गिरगावात मनाच्या डॉक्टरांकडे जातो. मला राग आवरत नाही, आणि तो भीतीमुळे येतो. डॉक्टरांनी रोज आकडा लिहायला सांगितलंय. आज जास्त होती म्हणून रेघा मारल्या."

हवालदारांनी पाटी हातात घेतली, उलटी करून मागेही बघितलं. "एवढी कसली भीती?"

"उद्याच्या लेक्चरची. प्राचार्य येणार आहेत ऐकायला."

मग परबांचा आवाज आला, अगदी बारीक. त्या माणसाचा एवढा बारीक आवाज मी पुन्हा कधी ऐकला नाही. "म्हणजे तुमी कमिटीत नाय?"

"नाही हो."

"ता चार वाजताचा?"

"त्या दिवशी मला जरा बरं वाटत होतं."

गंगूमावशींनी कपाळावर हात मारला. "अगो बाई! आणि मी मेली याला सुकटीची चटणी खायला घातली!"

आणि चौक फुटला. काय हसले लोक! शिपाई हसले. परबांची बायको तोंडाला पदर लावून हसली. मला वाटलं आता राग येणार. वाट बघितली. आला नाही.

हवालदारांनी पाटी परत दिली. विचारलं, "आणि आत्ता किती?"

मी प्रामाणिकपणे तपासलं. "चार," मी म्हटलं, आणि माझा माझ्यावर विश्वास बसेना. जी गोष्ट झाकायला मी एक थांबा आधी उतरत होतो, ती दोनशे माणसांना सांगून झाली होती आणि पाच मार्क उतरले होते.

"नशीबवान आहात," हवालदार म्हणाले. "आमचा आकडा कुणी विचारत नाही." मग गर्दीकडे वळून ओरडले, "चला, घरी चला! मास्तरांची भीती संपली!"

दुसऱ्या दिवशी प्राचार्य मागच्या बाकावर बसले. माझा हात दोनदा डस्टरकडे गेला, आणि दोन्ही वेळा मी त्याने फळाच पुसला. प्राचार्य पंधरा मिनिटांत उठून गेले. पुढच्या टर्मला आमची भेट झाली. त्यानंतरच्याही बऱ्याच टर्मना झाली.

कॉलेजातून घरी आलो तर पाटीवर मी सकाळी लिहिलेल्या चारच्या खाली कुणीतरी लिहिलेलं: 'परब – ८. कारण सांगूचा नाय.' संध्याकाळी गंगूमावशी वर आल्या. त्यांना लिहिता येत नव्हतं. "माझे दहा लिही. सून आलीय माहेराहून." मी लिहिले. आठवड्याभराने म्हणाल्या, "सात कर." पाटी दाराबाहेरच राहिली, छोटी पडली म्हणून पुढे मोठी आणली. परबांचं कारण काय होतं, ते मात्र त्यांनी मला पुढे एका गुरुवारी ट्राममध्ये सांगितलं. गिरगावच्या ट्राममध्ये. आम्ही दोघेही बरोब्बर थांब्यावर उतरलो.

डॉक्टरांना मी हे सगळं सांगितलं तेव्हा ते खूप वेळ माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "असंही चालतं." त्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही.

तो लागला चाळीसहून जास्त वर्षांनी. चाळ पाडायची ठरली, खोली रिकामी करत होतो, आणि संस्कृत कोशातून ती चिठ्ठी पडली. मी ती दोन दिवस टेबलावर तशीच ठेवली. आकडा आठ होता. शेवटी सुमतीनेच चष्मा लावला, उघडली आणि मोठ्याने वाचली. वेडाचं नावबिव कुठेच नव्हतं. डॉक्टरांच्या स्वच्छ अक्षरात तीनच ओळी होत्या:

'पाटी कपाटाच्या दाराला आतून लावावी.

आकडा फक्त आपल्यासाठी आहे. इतरांना दाखवू नये.

ही चिठ्ठी रोज सकाळी एकदा वाचावी.'