आधी कडंला घे

आबांनी खुशाली विचारायला कधी कुणाला फोन केला नाही. त्यांच्या फोनवरून बाहेर जाणारी बातमी एकच असायची, कुणीतरी गेल्याची. अंबड तालुक्यातल्या आमच्या गावात माणूस गेलं की सोयऱ्याधायऱ्यांना सांगावा धाडायचं काम आबांचं. हे काम त्यांना कुणी नेमून दिलं नव्हतं. आधी ते सायकलवर टांग टाकून गावोगाव सांगत फिरायचे. मोबाईल आला तशी सायकल गोठ्यात गेली आणि सांगावा खिशात आला. कुणाला आधी सांगायचं, कुणाला शेवटी, कुठला जावई दुसऱ्याकडून कळलं तर रुसून बसतो, सगळं त्यांना तोंडपाठ. "खुशालीला फोन लावला तर लोकायच्या पोटात गोळा येतो," म्हणायचे. "माझं नाव दिसलं की समोरचा आधी भिंत धरतो. उगं कशाला कुणाला भ्या दाखवायचं?"

म्हणून लेकीची आठवण आली तरी ते फोन लावत नसत, बस धरत. शोभा त्यांची एकुलती एक, घनसावंगीला दिलेली. भुईमुगाच्या शेंगांची पिशवी मांडीवर घेऊन जायचे, तिच्या हातचा चहा प्यायचे, नातवाच्या डोक्यावर हात फिरवायचे आणि मुक्काम न करता परत. फोन करायचा तो लेकीनं, बापानं नाही, असं दोघांत ठरलेलं होतं.

एकदा मात्र शर्टाच्या खिशातून आबांचा फोन आपोआप लागला, तोही त्यांच्या सासरवाडीला. पलीकडून "आबा, आबा" करतायत आणि इकडे नुसती खरखर. दुपारपर्यंत जीप करून पाच-सहा माणसं दारात. बायांनी कोपऱ्यावरूनच गळा काढला. आबा ओसरीत भाकरी खात बसलेले.

"कोण गेलं हो दाजी?" मेहुण्यानं विचारलं.

"कोणीच न्हाई. तुम्ही कामून आले?"

माहेरच्यांना रडताना बघून रडायला लागलेल्या काकू, आबांची बायको, आता हसायला लागल्या. मेहुणा म्हणाला, "आता एवढा जीपचा खर्चा केलाय, तर जेवून जातो." आमच्या गल्लीतल्या एकानं आबांचा नंबर 'यमदूत' नावानं ठेवला होता. ते आबांना कळलं तेव्हा रागावले नाहीत. म्हणाले, "लई मोठं पद दिलंस बाबा. मी निस्ता त्याचा पोस्टमन."

पण पोस्टमनला नसते अशी एक रीत त्यांना होती. फोन उचलला गेला की पहिला प्रश्न, "कुठं हायस?" दुसरा, "बसलास का उभा?" समोरचा गाडीवर असेल तर पुढे एक शब्द नाही. "आधी कडंला घे. श्टँड लाव. खाली बस. मंग तूच मला लाव." आणि फोन बंद. कुणी म्हणायचं, "आबा, थांबलेलोच आहे, सिग्नलला आहे, सांगा." त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर होतं, "जू मानेवर हाय तवर उभा बैलबी औतातच आसतो." फार वर्षांपूर्वी त्यांनी एका पोराला रेल्वे फाटकात उभ्या गाडीवर बापाची बातमी सांगितली होती. फाटक उघडलं, पोरगं भरकटल्यासारखं निघालं आणि समोरच्या ट्रॉलीवर गेलं. बापाला खांदा द्यायच्या वेळी ते दवाखान्यात होतं. तेव्हापासून आबा म्हणायचे, "मेलेलं माणूस वाट बघतं. घाई समदी जित्यायला."

ती घाई माझ्यात उतरलेली होती. मी त्यांचा चुलत पुतण्या. नवीन जालन्यात एका बियाण्याच्या कंपनीत फिरतीची नोकरी, मान वाकडी करून खांदा आणि कान यांच्यात फोन धरून मोटारसायकल चालवण्यात तरबेज. एकदा आबा माझ्या मागे बसले होते. जालन्यात सिग्नल लाल झाला आणि मी सवयीनं खिशातून फोन काढून निरोप वाचायला लागलो. मागचं ओझं एकदम हलकं झालं. पाहतो तर आबा भर गर्दीत उतरून, धोतर सावरत, रिक्षांमधून वाट काढत फुटपाथवर जाऊन उभे. तिथून ओरडून म्हणाले, "तुझं होऊं दे. झालं की मला घ्यायला ये!"

तेवढ्यात वाहतूक पोलिसाची शिट्टी. मी वाद घालायला लागलो, गाडी थांबलेली आहे, मी चालवतच नाही, मग गुन्हा कसला? पोलीस काही म्हणायच्या आत फुटपाथवरून आवाज आला, "फाडा साहेब पावती! पोरगं आमचंच हाय!" सगळा चौक हसला. मी गावापर्यंत आबांशी बोललो नाही. वेशीजवळ उतरताना ते म्हणाले, "राग आला का? येऊं दे. राग आलेला मानूस लक्ष्यात ठिवतो." मी राग तेवढा लक्षात ठेवला.

नवी मोटारसायकल घेतली तेव्हा माझी जुनी मोपेड मी आबांना दिली. नावावर करून घ्या म्हणालो, ते करू की म्हणाले, आणि राहिलं ते राहिलं. आमच्या भागात निम्म्या गाड्या अशाच फिरतात, चालवणारा एक, कागदावर दुसराच.

आता त्या दिवसाचं सांगतो. इतकी वर्षं कुणाला सांगितलं नाही.

काकू महिनाभर अंथरुणाला खिळून होत्या. आबा सकाळीच त्यांची औषधं आणायला मोपेडवर जालन्याला गेले होते. मी गावात होतो तो काकूंसाठी नव्हे. शेडनेटमधल्या मिरचीच्या बियाण्याचा प्लॉट बघायला आलो होतो आणि दुपारी मला जालन्याला ऑफिसात मीटिंग होती. चहा घ्यावा म्हणून आबांच्या घरी डोकावलो, तेव्हा शेजारच्या बाया काकूंच्या तोंडात पाणी घालत होत्या. ते पाणी गालावरून ओघळून गेलं.

अंगणात माणसं जमली. सगळ्यांच्या मनात एकच होतं, ते शेजारचे गंगाराममामा बोलून गेले, "आबानं समद्यायला सांगितलं. आता आबाला कोण सांगणार?" कुणी पुढे येईना. मी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. आबा लवकर आले तर लवकर उरकेल आणि तीनपर्यंत मी ऑफिसात असेन, असा हिशेब मी अंगणात उभ्या उभ्या केला. चुलतीचं अंग अजून गरम होतं. मी फोन काढला.

"आरं, गाडीवर आसंल तो," मामा म्हणाले, "दम धर जरा."

"आबा गाडीवर फोन उचलत नाहीत मामा. उचलला म्हणजे उतरले असतील."

हे वाक्य मी पुढे अनेक वेळा स्वतःला म्हणून दाखवलं. त्यात तसं चूक काही नाही. फोन वाजत राहिला, उचलला नाही. मी पुन्हा लावला. पुन्हा लावला. आजारी बायको घरी ठेवून गेलेल्या माणसाला एकसारखे फोन येतात, म्हणजे काय, हे त्या माणसाइतकं जिल्ह्यात कुणाला कळत नसेल. शेवटी त्यांनी उचलला. मागे हॉर्न वाजत होते. ते मला ऐकू येत होते. हेच मला सांगायचं आहे, मला हॉर्न ऐकू येत होते.

"सिग्नलला हाय रे," आबा म्हणाले. "कडंला घेतो, मंग..."

"आबा, काकू गेल्या. जल्दी या."

पलीकडे हॉर्न वाढले. कुणीतरी शिवी दिली. मग फोन बंद झाला आणि नंतर लागलाच नाही.

आबा जल्दी आले नाहीत. मोपेड त्यांनी हातानं ढकलत एका औषधाच्या दुकानासमोर नेऊन लावली आणि तिच्यावर पुन्हा बसले नाहीत. किती वेळ तिथं पायरीवर बसले कोण जाणे. मग पायी स्टँडवर, तिथून बस, फाट्यापासून पायी. ऊन उतरलं तेव्हा वेशीतून येताना दिसले. माझी मीटिंग तर बुडालीच होती. आबांच्या हातात औषधांची पिशवी तशीच. ती त्यांनी काकूंच्या उशाशी ठेवली. तोवर घनसावंगीहून आलेल्या शोभानं त्यांच्या गळ्यात पडून हंबरडा फोडला, तिला थोपटत ते उभे राहिले. मग माझ्यापाशी आले. मला वाटलं, रडतील.

"तू इचारलं न्हाईस," म्हणाले.

"काय आबा?"

"कुठं हाय म्हून."

मोठ्यानं बोलले नाहीत. शेजारी उभ्या असलेल्या शोभालाही ते ऐकू गेलं नाही.

दहावा व्हायच्या आतच माझ्या फोनवर निरोप आला. गाडी माझ्या नावावर, नंबर माझा, म्हणून चलन माझ्याकडे. कलमं दोन, वाहन चालवताना मोबाईलचा वापर आणि हेल्मेट नाही. खाली फोटो. मागून, जरा बाजूनं काढलेला. नंबरप्लेट स्वच्छ, खांद्यावरचा रुमाल स्वच्छ, फोन कानाला. मान रस्त्याच्या कडेकडे वळलेली, म्हणून चेहरा पुरता दिसतो. जागा शोधत होते. तोंड अर्धवट उघडं. फोटो माझ्या वाक्याच्या आधीचा आहे की नंतरचा, ते मला आजवर ठरवता आलेलं नाही. बोटांनी मोठा करून करून पाहिलाय. आधीचा असावा असं वाटतं, आणि डोळे पाहिले की तसं वाटत नाही.

मी वाहतूक शाखेत गेलो. दंडाचं मला काही नव्हतं, तो फोटो तिथून जावा एवढंच हवं होतं. टेबलावर एक महिला पोलीस होत्या.

"चालवणारे कोण?"

"चुलते."

"वडीलधाऱ्याला सांगायचं ना सर. भर चौकात फोनवर बोलून राह्यले."

"गाडी थांबलेली होती मॅडम."

"सिग्नलला थांबली म्हणजे काय लावून ठेवली का? रस्त्यावरच हाय ना." त्यांनी फोटो जवळ घेऊन पाहिला. त्यांचा आवाज जरा उतरला. "एवढा कुणाचा अर्जंट फोन होता हो?"

सांगायची ती वेळ होती. समोर अनोळखी बाई होत्या, ओळखीचं कुणी नव्हतं.

"रॉंग नंबर," मी म्हणालो.

पैसे भरले. भरल्यावर फोटो जातो का विचारलं, तर त्या हसल्या. "रेकॉर्डला ऱ्हातो सर." लोक म्हणतात, चालवणारा एक आणि दंड दुसऱ्याच्या नावावर, हा कुठला न्याय? मला तो न्याय बराबर वाटला. कायद्यात फोन उचलणाऱ्याला कलम आहे, लावणाऱ्याला नाही. केवळ मी आळसानं गाडी नावावर करून दिली नव्हती म्हणून ते चलन चुकून योग्य माणसाकडे आलं.

आबांना मी त्यातलं काही कळू दिलं नाही. त्यांनी मोपेडची चावी मला परत केली, "तुझ्या नावावर हाय, तूच ने." पुढे गावात कुणी गेलं, तेव्हा माणसं रिवाजानं त्यांच्या दारात आली. आबांनी खिशातला फोन काढून त्यांच्यापुढे धरला. "तुम्हीच लावा. मी ऐकून बघितलं. आता माझ्या तोंडून निघायचं न्हाई." तेव्हापासून आमच्या गावात सांगावा असा कुणी देत नाही. ज्याला जसं कळेल तसं.

गेल्या हिवाळ्यात आबा गेले. ही बातमी गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आली, नाव आणि खाली जोडलेले हात. फोन खिशात थरथरला तेव्हा मी सिग्नलला होतो. कडेला घेतलं, स्टँड लावला, मग पाहिलं. आबांकडून एवढंच शिकलो, आणि त्याची फी त्यांच्याकडून घेतली.

तेराव्याच्या फ्लेक्ससाठी शोभा फोटो शोधत होती. आबा फोटोला कधी उभे राहत नसत. "दादा, तुझ्या फोनात आसंल की एखादा. दिसंल त्याचे फोटो काढतोस तू." फोन माझ्या हातातच होता. त्यात आबांचा चेहरा होता, सरकारी कॅमेऱ्यानं काढलेला, सगळ्यात स्वच्छ. "न्हाई गं," मी म्हणालो. मग आधार कार्डावरचा फोटो मोठा केला. मोठा करताना चेहरा विस्कटला, डोळे पांढुरके झाले. त्या फ्लेक्सखाली मी पंक्तीत वाढत फिरलो. येणारे जाणारे म्हणत होते, आबासारखे दिसतच न्हाईत.

आता वर्षश्राद्ध जवळ आलं. शोभानं पुन्हा विचारलं नाही, म्हणूनच राहवेना. काल ऑफिसातून खाली उतरलो, मोटारसायकल स्टँडवर लावलेली होती, तिच्याजवळच्या पायरीवर बसलो आणि घनसावंगीला फोन लावला.

"बोल दादा."

"कुठं हायस, शोभा? बसलीस का उभी?"

पलीकडे भांड्यांचा आवाज थांबला. तो प्रश्न कुणाचा आहे आणि त्याच्या मागून काय येतं, हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार?

"कोण गेलं, दादा?" तिनं विचारलं.

"कोणी न्हाई," मी म्हणालो. "जुनंच हाय. सांगायचं राहिलं होतं. तू आधी खाली बस."