कॅनॉलकडच्या घरातलं दुपारचं भूत

आमच्या गावात भूत एकच होतं आणि ते फक्त दुपारी रडायचं.

इतर गावांची भुतं अमावस्येला वगैरे निघतात. आमचं भूत वेळेचं पक्कं. जेवणं झाली, गाव आडवं झालं, की कॅनॉलच्या रस्त्यावरच्या बंद घरातून ‘आऽऽऽ’ असा आवाज यायचा. थोडी उसंत, मग पुन्हा ‘आऽऽऽ’. त्याच्या मागोमाग कोणीतरी छाती बडवून घेतल्यासारखं धुप्-धुप्-धुप्! घर म्हणाल तर जुनंपानं नव्हतं. सिमेंटच्या तीन खोल्या, वर पत्रे. मालकानं हौसेनं बांधलं आणि बायकोला नांदेड आवडलं म्हणून बिऱ्हाडासकट तिकडे गेला. पण शहाणा माणूस नवंकोरं घर टाकून उगाच जात नसतो, असं गावानं ठरवून टाकलं होतं. काही वर्षं नुसती कुजबुज होती. त्या वर्षी उन्हाळ्यात प्रत्यक्ष रडणं सुरू झालं, तेव्हा गावाला भीती कमी आणि समाधान जास्त वाटलं.

मी या भानगडीत पडायचं काही कारण नव्हतं. मी आखाडा बाळापूरच्या शाळेत विज्ञान शिकवतो. ‘भूत नसतं, भीती असते’ या विषयावर माझं भाषण तयार असतं. (मागणी नसली तरी करतो.) पण प्रश्न आमच्या अक्काचा होता.

सुमनअक्का आम्हा भावंडांत थोरली. काही वर्षांपूर्वी ती सासरहून परत आली. काहून आली, हे विचारायची गावाला फार हौस. आम्ही कधी विचारलं नाही. आल्याच्या दुसऱ्याच दिवशी तिनं मायचं जुनं शिलाई मशीन पुसून स्वयंपाकघरात मांडलं आणि तेव्हापासून आमच्या वरणात फोडणीबरोबर दोऱ्याचे तुकडे येऊ लागले. हळूहळू पोरी विचारायला लागल्या, ‘अक्का, आमाला शिकवता का?’ अक्कानं क्लास काढायचं ठरवलं. घरात जागा नाही, गावात दुसरं रिकामं घर नाही. रिकामं होतं ते हेच! नांदेडचा मालक द्यायलाही तयार होता.

“माय, तो मानूस म्हनून राहिला, हनुमान जयंतीपर्यंत काय ते सांगा. न्हाई तर तिथं खताच्या गोण्या टाकतो,” अक्का जेवताना म्हणाली.

“टाकू दे,” माय म्हणाली. “गोण्याला भूत लागत न्हाई. माझ्या लेकीला लागंल.”

“बाबा, तुमी तरी सांगा हिला!”

बाबा आमच्या घरात फारसे बोलत नाहीत. गावच्या भजनी मंडळातही ते मागच्या रांगेत टाळ वाजवतात. एकदा त्यांनी मोठ्यानं चाल उचलली, तर बुवांनी हात जोडून सांगितलं होतं, ‘तुमी निस्ते टाळ वाजवा.’ त्यांनी भाकरी कुस्करत खाली मान घालून एवढंच म्हटलं, “म्या बी ऐकलाय तो आवाज. लई वाईट आवाज हाय.”

विषय संपला! मायनं विजयी मुद्रेनं ठेचा वाढला. अक्काच्या ताटातली भाकरी तशीच राहिली.

ते मला बघवेना. घराची किल्ली बशीरचाचांकडे असायची. चाचा पत्र्याच्या पेट्या आणि कोठ्या बनवतात, बाबांचे बालमित्र, आणि त्या घराचे पत्रे त्यांनीच बसवलेले. मी किल्ली मागायला गेलो तर ते एकदम हातोडीवर लक्ष देऊन म्हणाले, “किल्ली? वो तो गुम गई, बेटा.” आणि म्हणताना कमरेचा करगोटा चाचपून पाहिला. मी विज्ञानाचा माणूस. तरी मला त्यात काही खटकलं नाही.

शेवटी आम्ही तिघा भावंडांनी रविवारी भर दुपारी मागच्या खिडकीतून बघायचं ठरवलं. धाकट्या नित्यानं मोबाइल घेतला. (“दादा, भूत सापडलं तर आपून फेमस!”) अक्कानं कापड कापायची मोठी कात्री घेतली, कारण लोखंड जवळ असलं की बाधा होत नाही. मी काहीच घेतलं नाही. माझ्याजवळ विज्ञान होतं.

इथे आमच्या मायची एक शिकवण सांगायला हवी. लहानपणापासून तिनं आम्हाला बजावलेलं : ओसाड जागी कोणी नावानं हाक मारली तर लगेच ‘ओ’ द्यायची नाही. भूत दोनदाच हाक मारतं. तिसरी हाक आली, तर ती माणसाची! मी हे शाळेत पोरांना हसत हसत सांगतो आणि त्यामागचं अज्ञान समजावून देतो.

उन्हं अशी तापली होती की कुत्रीसुद्धा कॅनॉलच्या पुलाखाली जाऊन पडली होती. घराच्या शेजारी एका शेतकऱ्याचं हळदीचं खळं होतं. शिजवून वाळवलेली हळद लोखंडी ड्रममध्ये घालून फिरवली की तिची साल झडते आणि खाली पिवळ्याधमक भुकटीचा ढीग पडतो. तसा एक मोठा ढीग तिथे पोत्यांखाली झाकून ठेवलेला होता आणि माणसं भुतापासून लांब, पलीकडच्या झाडाखाली झोपली होती. आम्ही कुंपणाच्या बुटक्या भिंतीवरून आत उतरलो. खिडकी उंच. एक घमेलं पालथं घालून त्यावर मी चढलो, कारण मी उंच आणि (अक्काच्या शब्दांत) “तूच म्हनतो ना भूत नसते म्हनून!”

आत अंधार होता. डोळे सरावले तेव्हा दिसलं की खोलीच्या मधोमध पांढरं काहीतरी बसलेलं आहे आणि त्याला डोकं नाही!

“काय दिसून राहिलं?” नित्या खालून कुजबुजला.

मला सांगायचं होतं. पण तेवढ्यात त्या बिनडोक्याच्या पांढऱ्यानं हात वर केला आणि ‘आऽऽऽ’ असा सूर काढला. पत्र्याखालची रिकामी खोली ती. आवाज चारी भिंतींवरून माझ्या अंगावर आला. कोपऱ्यातून धुप्-धुप् सुरू झालं. घमेलं हललं, माझं कपाळ गजावर आपटलं. आवाज थांबला. ते पांढरं सावकाश माझ्याकडे वळलं आणि घोगऱ्या, घुमणाऱ्या आवाजात म्हणालं,

“सुधाकर?”

पहिली हाक! मी ओ दिली नाही.

“आरं सुधाकर!”

दुसरी! आता खरं तर शिकवणीप्रमाणे तिसरीची वाट बघायला हवी होती. पण तेवढा दम विज्ञानात नव्हता आणि माझ्यात तर नव्हताच. मी घमेल्यावरून जी उडी मारली ती नित्याच्या खांद्यावरून, आणि तिथून थेट कुंपणापलीकडे! नित्या मोबाइल टाकून दुसऱ्या दिशेनं पळाला. मी मात्र पोत्यांवर पडलो. पोती सरकली आणि मी कमरेपर्यंत हळदीच्या भुकटीत! उठायला गेलो तसा पुन्हा तोंडावर पडलो. नाकात हळद, कानात हळद, आणि एक बारदान डोक्यात अडकलेलं. त्याच अवतारात मी ‘आईऽऽ’ करत रस्त्यानं गावाकडे धावत सुटलो.

समोरून बाजाराहून परतणारी जीप येत होती. ती थांबली. मग रिव्हर्स गेली. रिव्हर्समध्ये एवढ्या वेगानं जाणारी जीप मी आधी कधी पाहिली नव्हती.

संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला कळलं की कॅनॉलकडे आता दोन भुतं आहेत. मी मोरीत बसून बेसन, दही, साबण, सगळं आळीपाळीनं चोळत होतो आणि अंगणात जमलेल्या बायकांचं बोलणं ऐकत होतो.

“पिवळाधमक नवरदेव व्हता, बाई!” जीपमध्ये बसलेल्या शेजारच्या काकू सांगत होत्या. “अंगाला हळद, डोस्क्याला बाशिंग! हळदीच्या दिवशीच मेलेला असंल बिचारा.”

“बोलवत व्हता का?”

“आई-आई करून रडत व्हता. लई लाडाचा असंल.”

मोरीच्या दारामागे मी लाडाचा पोर कानाला बेसन चोळत बसलो. नित्या माळ्यावर होता. अक्का मात्र आमच्या बऱ्याच मागून, अगदी सावकाश चालत आली होती. मी दाराच्या फटीतून विचारलं, “तुला काय दिसलं गं?” तर म्हणाली, “काही न्हाई. तू आंग धू.”

“ऐकलं का, सुमन?” माय म्हणाली. “एक व्हतं, आता जोडी झाली. लग्नाघरासारखं गजबजलं ते घर! ह्या घराचं नाव काढू नको आता.”

मला वाटलं अक्का भांडेल. तिनं फक्त “बरं माय” म्हटलं आणि आत जाऊन मशीन चालवायला लागली. कापड न लावताच चालवत होती. आम्हाला सगळ्यांना तो रिकाम्या मशीनचा खडखडाट ऐकू येत होता.

ओसरीवर बसलेले बाबा उठले. अंगणाच्या मधोमध येऊन उभे राहिले. घसा खाकरला, डोळे मिटले आणि भरल्या अंगणात, सगळ्या बायकाबाप्यांसमोर त्यांनी सूर लावला, “आऽऽऽ!”

दोन बायका किंचाळल्या. एक लेकरू रडायला लागलं.

“अगं बाई, हेच!” काकू ओरडल्या. “हेच त्ये रडनं!”

“रडनं न्हाई,” बाबा म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. “गवळण हाय.”

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. हनुमान जयंतीच्या सप्ताहात एकदा तरी पुढच्या रांगेत बसून एक गवळण म्हणायची, ही बाबांची इच्छा. घरी रियाज करायची लाज वाटे, म्हणून दुपारी गाव झोपलं की ते त्या घरात जायचे. बशीरचाचा दर्ग्याच्या उरुसात ढोलकी वाजवतात; तेच साथीला. आणि पत्र्याखाली भट्टीसारखं तापायचं, म्हणून दोघं डोक्यावरून ओला पंचा घेऊन बसायचे.

“मैंने बोल्या था,” अंगणाच्या फाटकाशी उभे असलेले चाचा म्हणाले, “सुर जरा नीचे लो. नहीं सुन्या.”

“सुमनला दुपारीच कळलं,” बाबा म्हणाले. “ती थांबली व्हती तिसऱ्या हाकेपर्यंत. म्याच तिला म्हनलं, सप्ताह व्होईपर्यंत कुणाला सांगू नको. त्या भुलीत तिचं घर जाऊन राहिलं, हे माझ्या ध्यानातच न्हाई आलं.” मशीनचा आवाज थांबला होता. बाबा आतल्या दाराकडे, अक्काकडे वळले. “उद्या मालकाला व्हय म्हनून कळव, लेकरा.”

माय इतका वेळ पदर तोंडाशी धरून हसत होती. ती एकदम थांबली. “मंग घरी काहून न्हाई गायले?”

“तू हसशील म्हनून.”

“हसंन की,” माय म्हणाली. “पन ऐकंन बी.”

अक्का दारात उभी राहून रडत होती आणि हसतही होती. मी मोरीतून अर्धा पिवळा तसाच बाहेर आलो, कारण आता लपण्यासारखं काही उरलं नव्हतं. माझ्याकडे बघून काकू पुन्हा किंचाळल्या. मग नवरदेव कोण ते त्यांनाही समजलं.

ती संध्याकाळ आठवली की मला अजून भरून येतं. ज्या माणसाला चारचौघांत बोलायचा संकोच, त्यानं लेकीसाठी चारचौघांत बेसूर गायलं. बाबांना हे मी तोंडानं कधी सांगितलं नाही. आमच्याकडे बापाला ‘आभार’ म्हणायची पद्धत नाही. म्हणून इथे लिहितो. चाचांचेही आभार, अक्काचेही, आणि हळदवाल्याचेही, ज्यानं विखुरलेली भुकटी हसत हसत पुन्हा गोळा केली. सप्ताहात बाबांना गवळण मिळाली. भूत कसं गातं ते ऐकायला आजूबाजूच्या गावांहून माणसं आली. बुवांनी हात जोडले, पण यावेळी काही म्हणाले नाहीत. मी पुढे कितीतरी दिवस शाळेत पिवळा कान घेऊन विज्ञान शिकवलं.

अक्काचा क्लास अक्षय तृतीयेला सुरू झाला. पण बातमी पळते आणि खुलासा मागे राहतो. रडणाऱ्या भुताचा उलगडा सगळीकडे झाला. हळदीतल्या नवरदेवाचा मात्र शेजारच्या गावांत झालाच नाही. एका दुपारी मी अक्काचा डबा घेऊन गेलो, तर घराच्या फाटकाबाहेर उतारा ठेवलेला : दहीभात, लिंबू आणि चांगला मोठा नारळ.

“हे काय गं?”

“पलीकडच्या गावच्या एका सासूनं ठिवला,” अक्का माप घेता घेता म्हणाली. “पिवळ्या भुतानं सुनंला तरास देऊ नये म्हनून. दर शनिवारी ठिवते आन् मंग सुनंला क्लासला पाठवते. ऱ्हाऊ दे. तेवढ्यानं पोरगी शिकून राहिली.”

खोलीत बघितलं तर तिच्यासारख्या आणखी कितीतरी सुना खाली मान घालून काजं करत होत्या. मी बाहेर आलो. आजवर माझ्या नावानं कोणी इतक्या मनापासून काही अर्पण केलं नव्हतं. विज्ञान म्हणालं, अन्न वाया घालवू नये. इकडेतिकडे बघितलं, नारळ पिशवीत टाकला आणि घरी आणून फोडला.

गोड निघाला. शनिवारी अक्काचा डबा आता मीच नेतो.