बर्फ छान झालाय

ओरेस्ट पाल्चिन्स्कीचा हात कापतो आणि त्याच्या हातून आता धड बर्फ होत नाही, हे यंदा आमच्या अख्ख्या गावाला ठाऊक होतं. त्याला सांगायची छाती मात्र एकाचीही झाली नाही. माझीसुद्धा. आणि मी काही गोडबोली बाई नव्हे. चर्चमधलं प्रवचन लांबलं तर पहिल्या बाकावर बसून मोठ्यानं खोकणारी मी.

मी आर्लीन. कर्लिंगच्या, म्हणजे बर्फावर दगड सरकवायच्या खेळाच्या, शेडमधलं स्वयंपाकघर माझं. ओरेस्ट आणि मी एकाच वर्गात शिकलो, त्यामुळे सगळा कारभार अरे-तुरेचा. त्यानं जन्मभर दोनच कामं केली, उन्हाळ्यात गहू आणि हिवाळ्यात बर्फ. गव्हाचं विचारलं तर खांदे उडवायचा. बर्फाचं मात्र चुकूनही विचारू नये, सूप गार होईपर्यंत बोलत बसायचा. लग्न केलं नाही. एकदा मी म्हटलं, "का रे बाबा, कुणी मिळाली नाही का?"

"एकीला विचारायचं होतं. पण तेव्हा ऐन मोसम होता."

"मग उन्हाळ्यात विचारायचंस!"

"उन्हाळ्यात तिचं लग्न झालं ना."

आता अशा माणसाला काय म्हणायचं?

शनिवारची पोरांची लीग त्यानंच सुरू केली. निवड नाही, चाचणी नाही, येईल तो खेळेल. जिंकलेल्यांनी हरलेल्यांना गरम चॉकलेट पाजायचं आणि सगळ्यांनी एकाच टेबलाशी बसून प्यायचं. पोरं त्याला दिदो म्हणतात, त्याच्या घराण्यात आजोबाला तीच हाक. जोमारचे आईबाप मनिलाहून इथं मोटेलात कामाला आले. पोरगा पहिल्या दिवशी अदबीनं "सर" म्हणाला, तर ओरेस्टनं मागं वळून पाहिलं, कोण साहेब आलाय म्हणून. पुढच्या शनिवारपासून जोमारचाही तो दिदोच झाला.

आमच्या खेळात पंच नसतो. वर मूठ बसवलेला जड गोल दगड बर्फावरून पलीकडच्या वर्तुळाच्या मध्याकडे सरकत निघाला, की पुढं दोघं झाडू घासत पळतात. पळताना कुणाचा झाडू दगडाला लागला, बूट लागला, तर त्यानं आपणहून हात वर करायचा आणि म्हणायचं, "माझा लागला." मग त्या दगडाचं काय करायचं ते समोरचा कप्तान ठरवणार. ओरेस्ट पोरांना वर आणखी बजावायचा, "आपली चूक आपण सांगायची. दुसऱ्याची दिसली तर तोंड मिटायचं. त्याला सांगायला वेळ द्यायचा." निम्मं गाव हेच ऐकत वाढलंय. यंदा आम्हाला तेच नडलं.

नुसता गुळगुळीत बर्फ काही कामाचा नसतो. त्यावर दगड अर्ध्या वाटेत बसकण मारतो. पाठीवर गरम पाण्याचा डबा घ्यायचा, नळी डावी-उजवीकडे झुलवत उलटं चालत जायचं आणि बारीक थेंब शिंपडायचे. थेंब गोठले की त्या दाण्यांवरून दगड घरंगळल्यासारखा जातो. त्याला हात एका लयीत लागतो. ओरेस्टचा हात असा चालायचा की बघत राहावं.

यंदा तो हात कायम खिशात. बाहेर निघाला की थरथर. थेंब एके ठिकाणी साचायचे, त्याची टेंगळं व्हायची, आणि पोरांनी नीट सोडलेले दगड भलतीकडेच वळायचे. खेळ संपला की तो माझ्या खिडकीशी येऊन विचारायचा, "कसा झालाय आज?"

"बर्फ छान झालाय, दिदो!" पोरं एका सुरात.

"छान झालाय," मीही म्हणायचे. "सूप घे, गार होईल."

सूप मी त्याला वाटीत देणं बंद केलं होतं. कपात द्यायचे, तोही अर्धाच. सांडायला नको. का म्हणून त्यानं एकदाही विचारलं नाही.

सांगायचं तरी कसं? मोठ्यांचे सामने केव्हाच बंद पडले. शेडचं गारव्याचं यंत्र चालू होतं ते केवळ पोरांच्या शनिवारसाठी, आणि शेड चालवणाऱ्या समितीनं साफ सांगितलं होतं, बर्फ करणारा माणूस आहे तोवर. ओरेस्टशिवाय कुणाला ते येत नव्हतं. म्हणजे त्याच्या हाताबद्दल बोलायचं तर शेडला कुलूप. आणि शनिवार गेला तर त्याच्यापाशी उरतं काय? एकदा मी मन घट्ट केलं. "ओरेस्ट, जरा ऐक..."

त्यानं मान वर केली. "काय?"

"काही नाही. मीठ कमी पडलंय का?"

आग लागो माझ्या तोंडाला! एरवी दहा ठिकाणी चालतं, नेमकं तिथं गप्प.

जुन्या पंचांगाप्रमाणे आमचा ख्रिसमस जानेवारीत झाला आणि त्यानंतरचा, दरसालचा केकचा शनिवार आला. बर्फाच्या कडेच्या काचेमागं आईबाप दाटीवाटीनं उभे. दोन्ही संघ बरोबरीत, शेवटचा एक दगड बाकी. एका चिमुरडीनं तो असा झकास सोडला की माझा हात केकच्या सुरीवरच थांबला. पुढं जोमार झाडू घासत पळतोय. पलीकडे वर्तुळापाशी समोरच्या संघाची कप्तान टेगन उभी. आमच्या पोस्टातल्या बाईची मुलगी, जिभेनं माझ्यावर ताण. तिच्यामागं ओरेस्ट, हात खिशात. दगड थेट मध्यावर चालला होता. टेंगळावर चढला आणि कुणी कान धरून ओढल्यासारखा बाजूला जाऊन बसला.

काचेमागं सगळे आपापले बूट बघायला लागले. ओरेस्ट मात्र त्या टेंगळाकडे बघत होता.

तेवढ्यात जोमारनं हात वर केला. "माझा लागला. माझा झाडू लागला, दिदो."

त्याचा झाडू दगडापासून चांगला हातभर लांब होता. सगळ्यांनी पाहिलं होतं. आणि लाज वाटते सांगायला, पण मला हायसं वाटलं. म्हटलं, चला, निभावलं.

"जोमार, हात खाली घे," ओरेस्ट म्हणाला.

"नाही दिदो, खरंच लागला..."

"खाली घे म्हणतो ना! खोटा हात वर करायला शिकवलं का मी तुला?"

पोराचे डोळे डबडबले. हात खाली आला. मग ओरेस्टनं आपला उजवा हात खिशातून काढला आणि वर केला. अख्ख्या गावासमोर तो हात थरथरत होता, आणि त्यानं तो तसाच धरून ठेवला.

"माझा लागला," तो म्हणाला. "आजच नाही. अख्खा हिवाळा लागतोय."

"कप्तान," तो टेगनकडे वळला, "ठरव."

पोरगी खाली वाकली, दगड ढकलत ढकलत मध्यावर आणला आणि म्हणाली, "हा इथं येत होता." म्हणजे तिचा संघ हरला. जिंकलेल्यांनी चॉकलेट पाजलं, सगळे एका टेबलाशी बसले, आणि एकालाही ते गिळवेना. मी आत जाऊन रडले. केक कापायचा राहिला तो राहिलाच.

सगळे गेल्यावर ओरेस्टनं डबा खुंटीला अडकवला. "आता तू कर, आर्लीन."

"मी? मला काय येतंय त्यातलं?"

"मला तरी आता कुठं येतंय."

आठवडाभर मी त्याच्याकडून शिकले. शिकले कसली! "मनगट सैल सोड," तो म्हणायचा. "सैल म्हणजे किती?" "असं..." आणि दाखवायला हात उचलायचा. हात भलतंच दाखवायचा. मग तो हात परत खिशात घालायचा आणि आम्ही दोघं बर्फाकडे बघत उभे राहायचो. त्याला सगळं येत होतं आणि त्यातलं काही मला देता येत नव्हतं.

शनिवार आला. डबा पाठीवर घेतला तशी माझी कंबरच बोलली. उलटं चालताना दोनदा धडपडले. कुठं पाणी बदाबदा सांडलं, कुठं थेंब पडलाच नाही. पोरांनी खेळ सुरू केला. दगड निघायचे आणि अर्ध्या वाटेत थांबायचे. जोमार झाडू घासून घासून घामाघूम झाला. पोरं एकमेकांकडे बघत होती, माझ्याकडे कुणीच बघेना. समितीची माणसं पुढच्या शनिवारी बघायला येणार होती.

खेळ संपला. मी डबा उतरवला. त्या ओझ्यानं माझे दोन्ही हात लटलट कापत होते. माझ्या खिडकीत आज ओरेस्ट होता, सूप ढवळत.

"कसा झालाय?" मी विचारलं. नको विचारू म्हणत होते मनाला, तरी विचारलंच.

त्यानं बर्फाकडे बराच वेळ पाहिलं. मग माझ्या हातांकडे. हातातली वाटी खाली ठेवली, कप घेतला आणि अर्धाच भरून माझ्यापुढं सरकवला.

"बर्फ छान झालाय," तो म्हणाला. "सूप घे, गार होईल."